बुधवारचा डॉक्टर

उर्झेदा, २६ जानेवारी

व्हानिया,

हे पत्र पोचेल तेव्हा तू धडधाकट असावीस. मी आहे तशी आहे. फोन करत जाऊ नकोस. मागच्या रविवारी तू अर्धा तास बोललीस आणि मी अर्धा तास हो हो म्हणत होते. कशाला हो म्हटलं ते लिहून कळव. लिहिलेलं मला समजतं, तिसरीपर्यंत शिकले आहे.

तू तिकडे लिस्बनला टीव्हीत पुढाऱ्यांच्या तोंडाला पावडर लावतेस म्हणून हल्ली मी रोज संध्याकाळी त्यांची भांडणं बघते. दोघं दोघं बसतात, पंचवीस मिनिटं भांडतात, आणि मग चार जण येऊन तासभर त्यांना गुण देतात. याला सहा, त्याला साडेसहा. आमच्या बाईंनी आख्ख्या वर्गाला एवढ्या वेळात गुण दिले असते आणि वर छड्याही. मला ऐकू येत नाही, झुल्मिरा तिच्या घरून येते आणि शेजारी बसून डाव्या कानात ओरडते. पण तीही आता कंटाळली. काल विचारलं, काय म्हणाला गं? तर म्हणे, कालचंच. कोपऱ्यातल्या चौकटीत ती हातवारे करणारी मुलगी असते ना बहिऱ्यांसाठी, तेवढी एकटी राबते. बाकी सगळे बसलेले.

आणि शिकलेल्यांना म्हणायची पद्धत म्हणून सगळे एकमेकांना डॉक्टर म्हणतात. डॉक्टर अमुक, तुम्ही खोटं बोलताय. डॉक्टर तमुक, तुम्हीच बोलताय. टीव्हीत रोज दोन डॉक्टर, आणि आमचा एकटा बुधवारचा डॉक्टर ऑक्टोबरपासून येत नाही. दवाखान्याच्या दारावर कागद चिकटवलाय, 'तात्पुरता बंद'. पावसानं 'तात्पुरता' धुऊन गेलं, 'बंद' राहिलं. झुल्मिराच्या रक्तदाबाच्या गोळ्या बदलायच्या आहेत. त्यासाठी अडतीस किलोमीटर जायचं, आणि तिथं गेल्यावर सांगतात नंबर नाही.

तर माझं एक काम कर. तो लोबातो, उंच, सगळे म्हणतात तोच निवडून येणार, त्याला पावडर लावताना एवढंच सांग: उर्झेदा, बुधवारचा डॉक्टर. भाषण नको.

सॉसेज धुरावर टांगलेत, कार्निव्हलपर्यंत होतील.

तुझी आजी
एतेल्विना

*

लिस्बन, ३० जानेवारी

आजी,

तू ज्याला हो म्हणालीस ते मी असं विचारलं होतं, की हिवाळ्यात माझ्याकडे राहायला येशील का. आता मोडू नकोस.

पुढाऱ्यांचं म्हणशील तर ते जमायचं नाही. आम्हाला पाहुण्यांशी बोलायची मनाई आहे. 'हनुवटी वर', 'डोळे मिटा', 'झालं', एवढंच. माझा करार तीन-तीन महिन्यांचा असतो, फेब्रुवारीअखेर संपतोय. एका मुलीनं एका मंत्र्याकडे घरभाड्याचं गाऱ्हाणं केलं, तिला पुन्हा बोलावलं नाही.

आणि खरं सांगू, ते ऐकत नाहीत. खुर्चीत बसले की डोळे मिटतात आणि ओठांतल्या ओठांत पाठ म्हणत असतात. तुला वाटतं ते भांडतात. भांडण संपलं की आत येऊन एकाच ताटलीतले सँडविच खातात आणि एकमेकांना विचारतात, माझा घाम दिसला का. परवा दोघांनी माझ्या एकाच डब्यातली पावडर लावली. कोण कुठल्या बाजूचा, ते मला आता टायवरून कळतं.

डॉक्टर तर मलाही नाही, आजी. इथे राजधानीत चार वर्षं डॉक्टर मिळायच्या यादीत आहे. तेव्हा आपल्या उर्झेदावर खास कोणाचा राग आहे असं समजू नकोस.

झुल्मिरामावशीला सांग, मीठ कमी खा.

व्हानिया

*

उर्झेदा, ४ फेब्रुवारी

व्हानिया,

मीठ तिनं कधीच सोडलंय, आता जीव सोडायची पाळी आलीय. सोमवारी कोबीच्या वाफ्यात पडली. मी खिडकीतून बघितलं, वाटलं वाकून किडे वेचतेय. पाच मिनिटं झाली तरी किडे संपेनात, म्हणून गेले. तोंड एका बाजूला, रंग राखेचा. रुग्णवाहिका पन्नास मिनिटांनी आली. परत आणून सोडली, म्हणाले रक्तदाब. तुमच्या डॉक्टरला दाखवा. मी म्हटलं, कुठल्या? तो पोरगा रुग्णवाहिकेचं दार लावायला गेला. पुढच्या वेळी पन्नास मिनिटं पुरणार नाहीत, हे तिलाही कळलंय आणि मलाही. आम्ही त्यावर बोलत नाही, सूप पितो.

तिथं चार वर्षं तुला डॉक्टर नाही म्हणतेस, तू तीस वर्षांची आहेस. पडलीस तर उठशील.

आता दुसरं. पंचायतीच्या अध्यक्षानं, अदेरितोनं, रविवारी चर्चमधल्या मासनंतर सगळ्यांना थांबवलं. त्याचं म्हणणं, २२ तारखेला मतदान केंद्राला साखळी घालायची. कोणी मत द्यायचं नाही. नदीपलीकडच्या गावानं रस्त्यासाठी असं केलं तेव्हा तीन महिन्यांत डांबर पडलं. सगळ्यांनी हात वर केले, मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. कारण मतदान शाळेत, आणि शाळेची चावी माझ्याकडे. एकतीस वर्षं मी ती शाळा झाडली. पोरं संपली, शाळा बंद झाली, पण चावी परत मागायला कोणी आलं नाही.

मी नाही म्हटलं. हुकूमशाही गेल्यावर पंचाहत्तर साली पहिल्यांदा मतदान झालं तेव्हा तुझ्या आजोबानं लग्नाचा कोट घातला होता आणि आम्ही तीन तास रांगेत होतो. पाय दुखले. तेव्हापासून एकही चुकवलेलं नाही. लोक चांगले मिळाले म्हणून नव्हे. पाय दुखलेले वाया जाऊ नयेत म्हणून.

पण अदेरितोला मी शब्द दिलाय. ११ तारखेला सगळ्या पुढाऱ्यांचं एकत्र मोठं भांडण आहे. त्यात एकाच्या जरी तोंडून आमचा बुधवार निघाला, तर साखळी नको. नाही निघाला, तर चावी माझ्या खिशात राहील.

त्यांचं तोंड तुझ्या हातात असतं आणि तू म्हणतेस बोलता येत नाही.

एतेल्विना

*

लिस्बन, ९ फेब्रुवारी

आजी,

सांगितलं. शुक्रवारी लोबातोच माझ्या खुर्चीत होता. कपाळ झालं, नाक झालं, डोळे मिटलेले. शेवटी गालाला ब्रश लावताना तोंडातून गेलं माझ्या. त्यानं डोळे उघडले, आणि आरशातून नाही, वळून माझ्याकडे बघितलं. तुझं नाव विचारलं, गावाचं विचारलं. मागे उभ्या असलेल्या पोरीनं वहीत लिहून घेतलं. जाताना म्हणाला, 'तुमच्या आजींना सांगा, मी विसरणार नाही.'

बुधवारी नीट बघ. कॅफेतला टीव्ही मोठा आहे, सगळ्यांना घेऊन जा. झुल्मिरामावशीला खुर्चीवर बसव, स्टुलावर नको.

त्यानंतर पुढच्या पाहुण्याची भुवई माझ्या हातून वाकडी झाली.

व्हानिया

*

उर्झेदा, १२ फेब्रुवारी

व्हानिया,

गेलो होतो. चव्वेचाळीस माणसं मोजली कॅफेत, कार्निव्हललाही एवढी नसतात.

सव्वा तास काही नाही. मग लोबातो एकदम कॅमेऱ्याकडे वळला आणि झुल्मिरानं माझ्या दंडाला असा चिमटा काढला की अजून काळानिळा आहे. त्यानं माझं नाव घेतलं. म्हणाला, उर्झेदाची एतेल्विना, ऐंशी वर्षांची, औषधाची रिकामी पिशवी घेऊन थंडीत बस थांब्यावर उभी असते आणि रडते. तिचे अश्रू मला झोपू देत नाहीत.

मी सत्त्याहत्तरची आहे. उर्झेदाला बस नाही, अकरा वर्षं झाली, थांब्याच्या पत्र्याचं अदेरितोनं कोंबड्यांचं खुराडं केलंय. आणि मी तुझ्या आजोबाच्या मातीलाही रडले नाही, हे गावातलं कुत्रंसुद्धा सांगेल.

मग दुसरा म्हणाला, दवाखाने तुमच्या पक्षानं बंद केले. हा म्हणाला, सही तुमची होती. तारीख काढली, कागद काढला, चार मिनिटं भांडले. बुधवार कोणी म्हटलं नाही. डॉक्टर परत पाठवतो असंही कोणी म्हटलं नाही. नंतर त्या चौघांनी लोबातोला आठ गुण दिले. 'एतेल्विनाचा क्षण' सगळ्यात चांगला झाला म्हणे. पावडर छान बसली होती, तुझं काम चोख आहे.

सकाळी पाववाल्याच्या गाडीपाशी एकानं विचारलं, काय एतेल्विना, आज किती वाजता रडणार? मी त्याला त्याच्या बायकोचं विचारलं, मग तो पाव न घेताच निघाला. दुपारी टीव्हीची गाडी आली. त्यांना मी बस थांब्यावर उभी हवी होते. थांबा नाही म्हटल्यावर म्हणाले, मग खुराड्यापाशी चालेल, पिशवी असू द्या हातात. मी दार लावून घेतलं.

मला एकच सांग. बसचं आणि रडण्याचं कोणी सांगितलं?

एतेल्विना

*

लिस्बन, १६ फेब्रुवारी

आजी,

मी.

आधी तू सांगितलंस तसंच म्हटलं होतं, उर्झेदा, बुधवारचा डॉक्टर. त्याचे डोळे मिटलेलेच राहिले. ओठ हलत होते, पाठ चालू होता. मग झुल्मिरामावशी वाफ्यात पडली ते सांगितलं. तरी मिटलेलेच. ब्रशचं काम संपत आलं होतं, बाहेरून पोरगं दोन मिनिटं म्हणून गेलं. तेव्हा मी म्हटलं की माझी आजी बस थांब्यावर उभी राहून रडते. आणि तेव्हा उघडले.

तू रडत नाहीस हे खरं आहे, पण त्याचा उपयोग नव्हता.

काल त्याच्या ऑफिसातून मला चॉकलेटचा डबा आला. त्या वहीवाल्या पोरीनं वर फोनही केला. विचारत होती, घरभाड्यामुळे हाल झालेली एखादी म्हातारी माहीत आहे का.

आता माझं ऐक. साखळी घालू नका. त्यानं नाव घेतलेल्या गावानंच दाराला साखळी घातली तर सगळे चॅनलवाले तिथे येतील, आणि त्याला कोणी सांगितलं हे शोधलं जाईल. मेकअपच्या खोलीत आम्ही तिघीच आहोत. करार २८ तारखेला संपतोय. जा, मत दे, नेहमीसारखं. तुझे पाय दुखलेले वाया जातील ना नाही तर?

तुझी
व्हानिया

*

उर्झेदा, १९ फेब्रुवारी

व्हानिया,

खोटं बोललीस ते बोललीस. तुझ्या जागी मीही काहीतरी घुसडलं असतं, पण रडणं नाही. लंगडणं सांगितलं असतं.

झुल्मिरा काल जिन्यात दोनदा बसली. मी विचारलं काय झालं, म्हणाली जिना बघत होते. पन्नास वर्षं तोच जिना.

तुझी नोकरी तीन महिन्यांची आहे. झुल्मिराचं काय, किती दिवसांचं आहे, ते कोणी सांगत नाही, कारण सांगणारा येत नाही. म्हणून चावी माझ्या खिशात राहणार. मला हे दोन दिवस जेवण गोड लागलेलं नाही. पण तुझी काळजी करू नकोस. कोणी विचारलं तर सांगेन, लोबातोला मीच पत्र लिहिलं होतं. लिहिता येतं मला. तुझं नाव माझ्या तोंडून निघायचं नाही.

चॉकलेट खाऊन टाक. कडू असलं तर इकडे पाठव, अदेरितोच्या डुकराला चालेल.

एतेल्विना

*

लिस्बन, २४ फेब्रुवारी

आजी,

तुला टीव्हीवर बघितलं. रविवारी सकाळी नऊला, आम्ही सगळे मेकअपच्या खोलीत उभे होतो. पोलीस साखळी कापत होते आणि मागे तू एप्रन घालून उभी होतीस. साखळी तुटली, तर कुलूप. पोलिसानं तुझ्याकडे चावी मागितली आणि तू कानावर हात ठेवलास. त्यानं कागदावर लिहून दिलं, तर तू म्हणालीस चष्मा घरी आहे. इथे सगळे हसले. मी नाही हसले. तुझी ती सवय मला माहीत आहे, तू घाबरलीस की एप्रनचा खिसा घट्ट धरतेस.

मग त्या वार्ताहर बाईनं विचारलं, लोबातोंना तुमचं कसं कळलं? तू म्हणालीस, मी पत्र लिहिलं. तिनं विचारलं, रडत लिहिलंत? आणि तू म्हणालीस, 'बाई, मी कांदे चिरतानाच रडते.' आमच्या साहेबांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि काही बोलले नाहीत.

रात्री लोबातो जिंकला. भाषणाआधी माझ्याच खुर्चीत आला. डोळे मिटून विचारलं, 'आजी कशा आहेत?' मी उत्तर शोधेपर्यंत त्याचे ओठ हलायला लागले होते.

कालपासून मला सकाळच्या स्वयंपाकाच्या कार्यक्रमात टाकलंय. करार मेपर्यंत वाढवला, पण संध्याकाळच्या पाहुण्यांजवळ नाही. एका अर्थी बरंच झालं. आचारी निदान डोळे उघडे ठेवतात.

त्याच्या पक्षाकडून अदेरितोकाकांना फोन गेला असं ऐकलं. आणि तुमचं मतदान आता पुढच्या रविवारी पुन्हा आहे म्हणे. खरं का?

व्हानिया

*

उर्झेदा, २ मार्च

व्हानिया,

खरं. दोन्ही खरं.

फोन सोमवारी आला. जिंकलेल्या माणसाला आपण नाव घेतलेलं गाव साखळीसकट टीव्हीवर दिसणं बरं वाटलं नसणार. बुधवारी, २५ तारखेला, अकरा वाजता चिखलानं माखलेली एक छोटी गाडी आली. आतून डॉक्टरीण उतरली, तुझ्याच वयाची, रस्ता दोनदा चुकली होती. दवाखान्याचं दार फुगलं होतं, अदेरितोनं खांद्यानं उघडलं. आम्ही तीस जण बाहेर उभे. तिच्या हातात कागद होता, आणि त्यावर एकच नाव. ती दारात उभी राहून मोठ्यानं विचारते, 'बस थांब्यावर रडणाऱ्या आजी कोण? आधी त्यांना बघायला सांगितलंय.'

झुल्मिरानं ते माझ्या कानात ओरडून सांगायची गरज नव्हती, सगळे माझ्याकडे बघत होते. पाववालाही थांबला होता. जो मला वेळ विचारायचा तो भिंतीला टेकून तयारच होता.

मी म्हटलं, 'मीच ती.'

कोणी हसलं नाही. आत गेले, झुल्मिराला बरोबर ओढली. डॉक्टरणीनं मला खुर्चीत बसायला सांगितलं, मी झुल्मिराला बसवलं. ती गोंधळली. विचारते, आजी, तुम्हाला काय होतंय?

'मला रडू येतं,' मी म्हटलं. 'हिचा रक्तदाब मोजला की थांबतं.'

पोरगी हुशार आहे. माझ्याकडे बघितलं, कागदाकडे बघितलं, आणि पट्टा झुल्मिराच्या दंडाला गुंडाळला. आकडा बघून तिचं तोंड बदललं. दोनदा मोजला. जुन्या गोळ्या कचऱ्यात टाकल्या, नव्या आपल्या पिशवीतून दिल्या, म्हणाली आणखी महिनाभर त्याच घेतल्या असत्या तर. वाक्य तिथंच सोडून गोळ्यांवर वेळा लिहायला लागली. झुल्मिरा आता जिन्यात बसत नाही, उभी राहून मला शिव्या देते, की तुझ्या तमाशात मला का ओढलंस.

दुपारी तीनपर्यंत तिनं एकोणीस माणसं बघितली. जाताना अदेरितोनं विचारलं, पुढच्या बुधवारी? ती म्हणाली, शक्यतो. हा शब्द मी चाळीस वर्षं टीव्हीवर ऐकतेय, पण तो म्हणताना कोणाचे कान लाल झालेले पहिल्यांदा बघितले. म्हणजे तिलाही माहीत नाही. तिला एका बुधवारासाठी पाठवलंय, पुढचं कागदावर नाही.

रविवारी मी सहाला शाळा उघडली, झाडली, शेगडी पेटवली. अठ्ठावन्न जण मत द्यायला आले. निकाल आठवड्यापूर्वी लागलेला, आमची मतं म्हणजे जेवण झाल्यावर मीठ. ना कोणी भांडलं, ना कोणी गुण दिले. मीही मत दिलं. कोणाला ते सांगणार नाही. पाय दुखले, तेवढं कळवते.

ती रडण्याची गोष्ट तुझी होती, आता माझी झाली. गावानंही ती घेतलीय. काल अदेरितोनं खुराड्यातून कोंबड्या काढल्या, पत्रा धुतला आणि चौकात परत उभा केला. बस नाहीच, पण थांबा आहे. त्याखाली एक बाकडं ठेवलंय.

सॉसेज पाठवतेय, चार तुला, दोन त्या साहेबाला, गप्प राहिला म्हणून. हिवाळ्यात येईन म्हटलं होतं ते झुल्मिरावर आहे.

बुधवार परवा आहे. अदेरितोनं टीव्हीवाल्यांना फोन करून ठेवलाय, अकराला थांब्यापाशी या म्हणून. मी कांदे काढून ठेवलेत.

तुझी आजी
एतेल्विना